मागे घ्यायची गाडी

किटलीचं झाकण खडखडलं आणि आमच्या कॅम्परमधली, म्हणजे झोपायची सोय असलेल्या गाडीतली, शांतता मोडली. हायवेच्या थांब्यावर बाहेर खुर्च्या मांडायला मनाई असते, म्हणून सगळे आपापल्या गाडीत, खिडक्या किलकिल्या करून बसलेले. शेजारच्या गाडीत म्हातारं जोडपं होतं. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, कोतोनेला थोपटत मी निर्लज्जपणे कान लावले.

"अहो, इथे थांबून आज तिसरा दिवस. थांब्याच्या आठवणीचा शिक्का वहीत पुन्हा मारलात?"

"कालचा जरा पुसट आला होता, हात्सुए."

"माझा दादा वर गावात वाट बघतोय, आणि तुम्हाला शिक्क्याचं पडलंय!"

"त्या घाटात एकच गाडी मावते गं. समोरून कुणी आलं तर मागे घ्यावी लागेल."

"चाळीस वर्षं सहलीची बस चालवलीत ना?"

"चालवली. पण मागे घेताना गाइड पोरगी खाली उतरून शिट्टी वाजवायची. तिच्याशिवाय मी ढकलगाडीसुद्धा मागे घेतलेली नाही. झालं समाधान?"

"हे लग्नाआधी सांगायचं होतं."

"मग नाही म्हणाली असतीस?"

"शिट्टी घेऊन आले असते. चला, मी उतरून तोंडानं वाजवीन. दादा माणसं विसरायला लागलाय. तुमचे शिक्के होईपर्यंत मलाही विसरेल."

"...पट्टा लाव."

त्यांची गाडी घाटाच्या रस्त्याला वळली. कोतोने झोपलीय, असा माझा समज होता.

"आई, तो दादा त्या आजीला ओळखेल ना?"