बसून केली तर कला

नाही, पण तुम्ही मला एक सांगा, बसून केली तर कला आणि उभ्यानं केली तर करमणूक, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? कुठल्याच नाही. आमच्या नगरपालिकेच्या ठरावात लिहिलंय, शिक्क्यासकट. आणि वर मलाच विचारतात, "नानासो, तुम्ही एवढं तापताय कशाला?" अरे, तापू नको तर काय करू? मी पडलो हळदीचा माणूस, मला यातलं काय कळतंय, म्हणून मी आधी गप्प बसलो, तिथंच चुकलं.

तर तुम्हाला सांगतो, सुरुवात झाली ती दुष्काळ सरल्यावर. आमचं गाव सांगली आणि साताऱ्याच्या मधलं. पाणी आलं, ऊस उभा राहिला, आणि नगरपालिकेनं सभागृह बांधलं. चांगलं तीनशे खुर्च्यांचं, वर पंखे. आता सभागृह बांधलं की त्यात काहीतरी करायला पाहिजे, आणि काय करायचं हे कुणी ठरवायचं? तर आमचे नगराध्यक्ष दादासो एक दिवस दुकानात आले, हळदीच्या पोत्यावर बसले, हळकुंड उचलून दातात धरलं आणि म्हणाले, "नानासो, गावाला सांस्कृतिक धोरण पायजे."

मी म्हटलं, "किती पायजे?"

"चेष्टा नगं. समिती नेमतोय. तुमी बी हायसा त्यात."

"अहो दादासो, चौथीपर्यंत शाळा माझी. पुढचं सगळं या पोत्यावर बसून, रद्दीतली वर्तमानपत्रं वाचून शिकलेलं."

"म्हणून तर तुमी. शिकलेला एक घेतलाय, आता एक शाणा पायजे."

असं कुणी म्हटल्यावर तुम्ही नाही म्हणाल? मी नाही म्हणालो नाही.

शिकलेले म्हणजे प्राध्यापक मोकाशी. माणूस सज्जन. मिरजेच्या गाण्याच्या बैठका चुकवायचे नाहीत, आणि मिरजेत तंबोरा कुठल्या भोपळ्याचा करतात यावर तासभर बोलायचे, तेही कुणी विचारलेलं नसताना. पहिल्या सभेत ते म्हणाले, "प्रथम कला आणि करमणूक यांतला भेद निश्चित केला पाहिजे. कलेला सभागृह आणि बाजारमैदान. करमणुकीला गावाबाहेरची जागा." गावाबाहेरची जागा म्हणजे ओढ्यापलीकडं, नगरपालिकेचा खताचा डेपो आहे ना, त्याच्या अलीकडची. उन्हाळ्यात तिथून बैलसुद्धा नाक वर करून जातो.

भेद निश्चित करायला दोन सभा गेल्या. मोकाशीसर सौंदर्य म्हणाले, रसिकता म्हणाले, अभिरुची म्हणाले... बाकीचे दोन सभासद फक्त चहाला यायचे, ते चहा पिऊन गेले. शेवटी दादासोंचा धीर सुटला. आमचा कारकून केरू कोपऱ्यात लिहून घेत होता, त्याच्याकडं बोट करून म्हणाले, "सर, ह्ये अभिरुची फिभिरुची आमास्नी कळलं. पण उद्या दारात अर्ज घ्यायला ह्यो केरू बसणार. ह्याला कसं कळायचं, कोण आत आन कोण ओढ्यापल्याड? ह्याला कळंल असं एका वळीत सांगा."

सर गडबडले. म्हणाले, "म्हणजे उदाहरणार्थ, शास्त्रीय गायक पाहा. शांतपणे बैठक मारतो, तंबोरा जुळवतो, बसल्या जागी स्वरांचं विश्व उभं करतो. उलट तमाशात काय, उभ्यानं नाच, उभ्यानं दंगा..."

केरूनं मान खाली घालून लिहिलं आणि वाचून दाखवलं, "बसून करतील ती कला. उभ्यानं करतील ती करमणूक."

सर म्हणाले, "तसं नव्हे हो, मी उदाहरण..."

दादासो म्हणाले, "बास. ह्येला म्हणत्यात धोरण."

आणि मी? मी म्हटलं, मी पडलो हळदीचा माणूस, मला यातलं काय कळतंय. ठराव पास. दादासोंनी एक प्रत जिल्ह्याला पाठवली, तिकडून कौतुकाचं पत्र आलं, ते चौकट करून दालनात लावलं. बघितलंत ना, पत्राला चौकट लागली की तो ठराव मागं घेणं किती अवघड असतं?

मग आली हरणाबाई.

हरणाबाईचा फड तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही या बाजूचे नाहीत. वीस वर्षं आमच्या चैत्रातल्या जत्रेला तिचाच फड. रीत अशी, की महिनाभर आधी तिनं यायचं, ग्रामदेवाच्या पायरीवर नारळ ठेवायचा, पंचांनी तो उचलायचा, की बाजारमैदान तिचं. कागद नाही, शिक्का नाही. यंदा नारळ ठेवला आणि पंच म्हणाले, "बाई, आता नारळ नगरपालिकेत." गेली बिचारी नारळ घेऊन. केरूनं विचारलं, "काम बसून का उभ्यानं?" ती म्हणाली, "आरं केरबा, तुझ्या बाऽच्या खांद्यावर बसून तमाशा बगत हुतास तू, तुला ठावं न्हाई व्हय?" केरू म्हणाला, "मावशी, कागुद म्हणंल तसं. उभ्यानं तर ओढ्यापल्याड."

ती तशीच माझ्या दुकानात आली. बसली नाही. उंबऱ्यातच उभी.

"नानासो, तुमी हुता म्हणं त्या समितीत."

मी हळद निवडायला लागलो. निवडलेलीच परत निवडायला लागलो.

"ओढ्यापल्याड मी मांडीन वो खेळ. घाणीचं मला काय न्हाई, लय बघितल्यात जागा. पर कडेगावचं पंच तुमच्या ठरावाची नक्कल मागाय लागल्यात. फलटणकडनं बी माणूस येऊन गेला. एका गावानं हाकललं तर म्हणायचं गाव वंगाळ. समद्या गावांनी तसंच केलं, तर बावीस माणसं हाईत फडात, कुणाच्या दारात घालू?"

मला गेली वीस वर्षं जत्रेत पहिल्या रांगेत शिट्टी मारणारा नानासो आठवला आणि समितीत मान डोलवणारा नानासो आठवला, आणि दोघांना एकाच पोत्यात घालून शिवून टाकावं असं वाटलं. म्हटलं, "हरणाबाई, जत्रेला तुझाच फड. गावात. ओढ्याअलीकडं. नाही झालं तर नानासो आवटी नाव लावणार नाही."

धंद्यात मी एक शिकलोय, मापात खोट असली तर माप फेकायचं नाही. त्याच मापानं त्याचाच माल मोजायचा, म्हणजे तो आपण होऊन माप लपवतो. मी केरूकडं गेलो आणि म्हटलं, "केरू, ठरावात सगळे आले ना रे? मोठा, लहान, आपला, परका?"

"समदे."

"मग रामनवमीचं कीर्तन सभागृहात आहे. कीर्तनकार बसतात का उभे असतात?"

केरूचं तोंड उघडंच राहिलं. प्रामाणिक पोरगं हो, त्याच दुपारी त्यानं नोटीस काढली. आणि कीर्तनकार कोण? आकारामबुवा. आणि आकारामबुवा कोण? दादासोंचे सासरे.

त्यानंतर आठ दिवस नगरपालिकेत जे झालं ते ऐकायला तुम्ही पाहिजे होता. बुवा टाळ-चिपळ्या घेऊनच दालनात घुसले. "जावईबापू, चाळीस वर्सं कीर्तन करतुया, आन मला खताच्या डेपोवर हुबा करता व्हय?" शाहीर आले, म्हणाले पोवाडा काय पाटावर बसून म्हणू? बँडवाले आले. नंदीबैलवाला आला, त्यानं केरूला विचारलं, "सायेब, मी बसतो, बैल हुबा ऱ्हातो, चालंल का?" केरू दोन दिवस पुस्तकं चाळत होता. आमच्या चौकातल्या केशकर्तनालयाचा मालकही गमतीनं येऊन गेला, म्हणाला मी उभा, गिऱ्हाईक बसलेलं, मला निम्मा धरा. आणि मी प्रत्येकाला सांगत होतो, मी पडलो हळदीचा माणूस, मला यातलं काय कळतंय, दादासोंना विचारा.

शेवटी समितीची तातडीची सभा. दादासो म्हणाले, "कीर्तनाला सूट द्या."

मी म्हटलं, "द्या. त्याच ओळीत हरणाबाईला पण द्या."

"नानासो, कीर्तन आन तमाशा एका वळीत?"

"ओळ मी नाही आखली दादासो. तुम्ही आखली. दोघंही उभी आहेत, म्हणून एका ओळीत आली. मला तर वाटतं ठरावच रद्द करा."

त्यांनी त्या चौकटीतल्या पत्राकडं बघितलं. मोकाशीसर पुटपुटले, "मी फक्त उदाहरण दिलं होतं." कुणी ऐकलं नाही.

मग दादासोंना सुचलं. म्हणाले, "कीर्तन ही कला बी न्हाई आन करमणूक बी न्हाई. ते देवाचं काम. ठरावातनंच बाहेर काढा." सगळे म्हणाले वाहवा. बाहेर बाकावर बुवा बसले होते, त्यांना निरोप दिला. बुवांचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजे... चाळीस वर्सं गातोय, माझ्यात कला न्हाई व्हय?" कशाबशा चिपळ्या पिशवीत घातल्या आणि गेले. मला वाईट वाटलं त्या म्हाताऱ्याचं, खोटं कशाला सांगू.

पण हरणाबाई राहिली तिथंच. ठराव जागचा हलला नाही. मी मोजायला गेलो, आणि त्यांनी आपला तेवढा माल तराजूतून काढून घेतला. हरल्यासारखा दुकानात आलो, तर हरणाबाई उंबऱ्यात. सगळं सांगितलं. म्हटलं, आता जिल्ह्याला जातो, उपोषणाला बसतो...

ती म्हणाली, "बसल्याव चालतंय न्हवं?"

"काय?"

"काम वो. बसून केलं तर आत घेत्यात न्हवं? मग बसून तर बसून. माझी मावशी मिरजेत बसूनच लावणी गायची, पान लावत. एका भुवईत माणूस गार. माझं शिकणं तिच्याफुडंच झालंय. तुमी नाच बगितलाय माझा नानासो, गाणं कवा ऐकलंय?"

वीस वर्षं पहिल्या रांगेत बसून मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

तिनं अर्ज केला. काम, बसून. केरूनं तीनदा वाचला, ठराव काढून ताडून बघितला आणि शिक्का मारला. दादासो धावत आले, "आरं, कुणाला दिलं सभागृह?" केरू म्हणाला, "कलेला."

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन वाजता. का तर सभागृह नगरपालिकेचं, म्हणून त्याची वेळ कचेरीची, पाचला कुलूप. तुम्हाला सांगतो, पडदा वर गेला आणि सगळा फड बसलेला. ढोलकीवाला बसलेला, राजा बसलेला, प्रधान बसलेला, सोंगाड्या बसलेला, आणि शिपाई भाला आडवा मांडीवर घेऊन बसलेला. मध्ये हरणाबाई, मागं मिरजेहून आणलेला तंबोरा. केरू विंगेत, ठरावाची प्रत हातात, कोण उठतंय बघायला.

आणि ती गायली. आता ते मी कसं सांगू? नुसता हात उचलायची, मनगट वळवायची, आणि तीनशे माणसं खुर्चीत तिरकी व्हायची. एकदा, एकदाच, ती गुडघ्यावर आली, आता उठते का काय... केरू विंगेतून पुढं आला, सभागृहाचा श्वास बंद, आणि तिनं केरूकडं बघून एक डोळा बारीक केला आणि परत खाली बसली. छप्पर उडायचं बाकी होतं. सगळ्यात मोठ्यानं "क्या बात है" कोण म्हणालं असेल? मोकाशीसर. डोळे पुसत होते.

आणि बायका आल्या होत्या हो. कला म्हटल्यावर बायका आल्या. आमच्या घरातून राहीबाई आल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीत. म्हणजे माझी शिट्टी गेली, फेटा उडवणं गेलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत बसल्यासारखा मी कला बघितली. घरी जाताना ही म्हणते, "बाई लय गुणाची हाय. इतकी वर्सं तुमी एकटंच ऐकत हुता व्हय?"

कडेगावानं ठरावाची नक्कल नेली, आणि त्याच नियमानं हरणाबाईला बसून गायला बोलावलं. फलटणकडूनही बोलावणं आलं. फड वाचला, बावीसच्या बावीस माणसं. मी जिंकलो म्हणा की. पण मला चैन पडेना. सूट घेऊन नाही, वाकून नाही, तिनं ताठ उभं राहून मैदानात नाचलं पाहिजे, आणि नगरपालिकेनं ते कला म्हणून लिहिलं पाहिजे. म्हणून मी अर्ज तयार केला. ठराव क्रमांक एकेचाळीस, म्हणजे हाच बसण्या-उभ्याचा, रद्द करावा. गावोगाव फिरून तीनशे बारा सह्या, त्यातले साठ अंगठे. समितीपुढं दाखल केला आणि अभिमानानं हरणाबाईला सांगायला गेलो.

ती ऐकून घेत होती. मग तिनं लुगडं सारखं केलं आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

"नानासो, राग मानू नगा. दा वर्सं झाली, गुडघं गेल्यात माझं. चाळ बांदायचं आन दात खाऊन हुबं ऱ्हायाचं. बसून काम करायला मला कोण देत हुतं? लोक म्हणलं असतं हरणाबाई म्हातारी झाली. आता कागदावर हाय, बसली तर कला. तुमच्या पाया पडते, हुबं करू नगा मला."

"पण हरणाबाई, तत्त्व..."

"त्ये तुमी नाचा," ती म्हणाली. "माझ्यासाठनं तेवढा तुमचा अर्ज पाडा म्हंजे झालं."

काय करता? परवा समितीची सभा झाली. विषय क्रमांक दोन, श्री. नानासो आवटी यांचा अर्ज. अर्जाच्या बाजूनं कोण? कुणी नाही. विरोधात हात वर करा म्हटल्यावर दादासोंनी केला, सरांनी केला, चहाच्या दोघांनी केला, आणि मग सगळे माझ्याकडं बघायला लागले... मी केला. केरूनं वहीत लिहिलं, अर्ज सर्वानुमते फेटाळला, आणि मला म्हणाला, "नानासो, अर्जदार म्हणून हितं सही करा, आन सभासद म्हणून खाली."