न पेटवलेली काडी

(अकोल्यातल्या एका जिनिंगची कचेरी, १९६१. टेबलाच्या अलीकडे डोमाजी आणि त्याची बायको जमुना. पलीकडे भरतीचे बाबू कमलाकांत. अमरावतीच्या दवाखान्यात क्षयाचे आठ महिने काढून डोमाजी कामावर परत आला आहे.)

कमलाकांत : पेटती काडी तोंडापासून वीतभर लांब धरायची आणि आ वासून फुंकायची. ओठांचा चंबू करायचा नाही. विझली, की फुप्फुस ठीक. नवा नियम आहे.

डोमाजी : द्या मंग काडी.

कमलाकांत : ही घ्या.

डोमाजी : पेटवा ना.

कमलाकांत : वेड लागलंय का? जिनात काडी पेटवायची? एवढ्या कापसाला आग लागली म्हणजे?

जमुना : मंग फाटकाबाहीर चाला.

कमलाकांत : परीक्षा आवारातच घ्यायची. तोही नियमच आहे.

डोमाजी : म्हंजे, न पेटलेली काडी इझवू?

कमलाकांत : फुंका म्हणतो ना!

डोमाजी : हाऽऽ... खुख्... हाऽ... खुख् खुख्...

जमुना : हळू हो! बसा खाली. बसा म्हनते ना!

कमलाकांत : काडी बघू. जळतेय?

डोमाजी : नाई... जी.

कमलाकांत : म्हणजे विझलेली. पास.

जमुना : बाबू, ते आजून खोकलून राह्यले!

कमलाकांत : खोकल्याचा रकाना नाही फॉर्मात.

डोमाजी : तू उगी राय व. साहेब पास म्हनते ना!

जमुना : काहून उगी राहू? इष्टेशनापासून येता येता तीन डाव बसले तुमी. बाबू, डाक्टरनं फोटो दाखोला आमाले. बिमारी गेली, पन डावं फुप्पुस सुकल्या वांग्यावानी झालं. धुयीत धाडू नका म्हने. यायले फाटकावर बसवा.

कमलाकांत : फाटकावर धडधाकट माणूस लागतो.

जमुना : आताच तं पास केलं तुमी! धडधाकट नाई का मंग?

कमलाकांत : पास झाला तो आपल्या जुन्या जागी, सरकी काढायच्या रेच्यावर. नापास झाला तो घरी. आणि फाटकावर जागा कुठाय? तिथं शालिकराम आहे.

डोमाजी : शालिकराम तं पोयाच्या सनाले मेला, साहेब.

कमलाकांत : त्याचा दाखला आलेला नाही.

जमुना : मंग फाटकावर बसते कोन?

कमलाकांत : शालिकराम.

जमुना : देवा! मेलेला मानूस खुल्या हवेत बसते अन् जित्त्याले रुईत कोंबता?

डोमाजी : जाऊ दे जमुने. आठ महिने तुया एकटीच्या मजुरीवर जेवलो. शरम वाटते मले.

जमुना : शरमीनं मरत नाई मानूस. रुईनं मरते.

कमलाकांत : बाई, भाषणं बाहेर. डोमाजी, उद्या सकाळी सात, रेचा नंबर चार. अंगठा करा इथं.

डोमाजी : सही येते मले.

कमलाकांत : मग सही करा.

डोमाजी : घ्या. केली.

जमुना : बाबू, एक इचारू? आमी आल्यापासून नाकाले रुमाल बांधून बसले तुमी. यायच्या बिमारीचं भेव वाटते का?

कमलाकांत : छे हो, तुमच्यामुळे नाही. इथं रुई फार उडते.