उकंडरावांचे नऊ वारे

आठ महिने! तुमाला सांगतो, आठ महिने आमचे परीक्षक सोमेश्वर सर एका लेखावर बसून राहिले! म्हैस पण उठते हो मधून! फोन केला की नाकात बोलायचे, 'विश्वंभरराव, परीक्षण म्हणजे शास्त्र आहे, घाई नको.' अन् आमी पडलो संपादक! जिल्ह्यातल्या भाषेच्या मास्तरांचं त्रैमासिक, चौदा वर्षं मीच चालवून राहिलो. नियमही मीच केलेला, परीक्षकाचं मत आल्याबिगर लेखकाला चकार शब्द कळवायचा न्हाई. संपादक ना मी! थांबलो.

एरवी येतात ते लेख प्रमोशनवाल्यांचे. 'सर, छापायचं राहू द्या, सर्टिफिकेट कधी देता?' अन् हा लेख? औंढ्याच्या शाळेतल्या करुणाबाईंचा, सिद्धेश्वर धरणावर मासे धरणाऱ्या उकंडरावांच्या बोलीवर. नुसत्या वाऱ्याला नऊ नावं! जाळं टाकू देणारा वारा वेगळा, होडी फिरवणारा वेगळा, मासा तळाला नेणारा वेगळा... अकरा वेळा वाचला मी! वाटायचं, फोन करावा, म्हणावं, बाई, असा एक लेख यावा म्हणून तर इतकी वर्षं हे दुकान मांडून बसलो... पण संपादक ना मी! थांबलो.

शेवटी न्हाईच राहवलं. धरली एसटी, गाठलं औंढा. बाई वर्गातून बाहेर आल्या.

'सर, मला वाटलं, लेख आवडला न्हाई तुमाला.'

'आवडला न्हाई? अहो, अकरा वेळा वाचला!'

'मग दोन ओळी कळवल्या काहून न्हाईत?'

म्हणलं, 'नियम, बाई... मीच केलेला.'

मग हळूच म्हणल्या, 'उकंडरावकाका मागच्या महिन्यात वारले. दर बाजारला विचारायचे, बाई, आपलं छापून आलं का?'

तुमाला सांगतो, चौदा वर्षांचं संपादकपण तिथंच उतरवून ठेवलं!

म्हणलं, परीक्षण गेलं खड्ड्यात! लेख छापला, पहिल्या पानापासून, उकंडरावांचं नाव ठळक घालून. अंक घेऊन दोघं त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको मिराबाई. वाचता येत न्हाई. करुणाबाईंनी अख्खा लेख वाचून दाखवला. म्हातारी म्हणते, 'यांचं नाव कुठंशी हाय?' दाखवलं. तिनं बोट ठेवलं, ते उचलंच ना! मग म्हणते, 'समदं बराबर हाय. पर एक वारा ऱ्हायला.'

'कोणता हो?'

'दिवस बुडताना पाण्यावरून घराकडं येतो, त्यो. होडी आपसूक काठाला लागती.' पदर तोंडाला लावला. 'त्याला ते मिरा म्हणायचे.'

आता सांगा, ह्याला संदर्भ काय द्यायचा? तळटीप कोणती? गपगुमान शुद्धिपत्र छापलं, नऊ न्हाई, दहा!

...चौदा वर्षांत, तुमाला सांगतो, लेख शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून चूक काढणारा एकच वाचक भेटला, अन् त्या माउलीला वाचता येत न्हाई! आता दर तीन महिन्याला नवा अंक अन् चष्मा घेऊन, तिला वाचून दाखवायला सिद्धेश्वरला जाऊन राहिलो... करता काय? वर्गणी भरली ना तिनं!