मान काही हलली नाही

...आणि वर लोक मलाच विचारतात, दाढ काढायला तुम्हाला नेमका तोच दिवस सापडला का? अहो, दाढ काय मुहूर्त बघून ठणकते? तुम्हाला सांगतो, गाल हा एवढा सुजलेला. डॉक्टरांनी बधिर करायचं इंजेक्शन टोचलं, दाढ उपटली, कापसाचा बोळा कोंबला आणि म्हणाले, घट्ट चावून ठेवा, तासभर बोलायचं नाही, खायचं नाही. आता जिभेच्या टोकाला थेंबभर लावणं म्हणजे काय खाणं झालं?

तर घरी आलो, आणि स्वयंपाकघरात ही! तुम्हाला कळणार नाही त्यात काय एवढं. हिची कारखान्यातली नोकरी गेली तेव्हापासून ही नुसती बसून असायची हो. रडली नाही, चिडली नाही. चहा दिला तर प्यायची, नाही दिला तर मागायची नाही. हळूहळू मीही तसाच झालो... दोन खुर्च्या, दोन माणसं, खुर्ची कुठली आणि माणूस कुठलं ते ओळखू येईना. अशात कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यानं निरोप धाडला, वहिनींच्या हातचे ते तिखट सॉस परत चाखायचेत, जमले तर दुकानात ठेवतो. आणि ही उठली. सॉस चाखून तो नको म्हणाला असता तर पुन्हा उठली असती की नाही, देव जाणे.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की ही आपल्या हातचं कधी चाखत नाही. चाखायचं मी. मी मान हलवली की झालं, नाही हलवली की आणखी मिरची. हिनं लसूण-टोमॅटोच्या सॉसचा चमचा पुढे केला. लावला जिभेला. काही नाही! मान काही हलली नाही. हिनं मिरची घातली. पुन्हा चमचा... मान काही हलली नाही. इंजेक्शन दाढेला दिलंय, जिभेचा काय संबंध, अशी माझी आपली समजूत! मी मनात म्हणतोय, गेली, हिच्या हाताची चव गेली, आता हे हिला सांगणार कोण? आणि तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं.

"चव गेली का हो माझी?" एवढंच म्हणाली.

तोंडात कापूस! बोलणार काय? खोटी मान हलवावी तर कॉफीवाला दारात येऊन उभा. मान काही हलली नाही. हिनं तिखटाचा डबा उपडा केला.

कॉफीवाल्यानं बटाट्याचा तळलेला काप बुडवून तोंडात टाकला. "वा वहिनी, मस्त..." पुढचा शब्द आलाच नाही. कान लाल, नाक लाल, पाण्याचा जग थेट तोंडाला. हिनं घाबरून बोट बुडवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातचं चाटलं. मग खालीच बसली आणि रडायला लागली. मिरचीचं रडणं किती वेळ टिकतं हो? कॉफीवाल्याचं थांबलं, हिचं थांबेना. कारखान्यापासूनचं सगळं बाहेर आलं. आणि मी? ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळतेय, पाठीवर हात फिरवतोय, आणि मला काही म्हणजे काही वाटत नाहीये. वाटायला हवं हे कळत होतं... पण नुसतं कळत होतं.

तेवढ्यात कॉफीवाल्यानं नाक पुसलं आणि दुसरा काप बुडवला. मग तिसरा. "दर आठवड्याला द्या," म्हणाला, "पण अगदी अस्साच. रतीभरही सौम्य नको." ही डोळे पुसत म्हणते, चाखायला हे आहेतच की!

आता जीभ जागेवर आलीय माझी. पहिल्या आठवड्याला चाखला आणि तडक डॉक्टरांकडे गेलो, म्हटलं, ते इंजेक्शन द्या. ते म्हणतात, "दाढा ठणठणीत आहेत तुमच्या, कारण काय?" मी बाटलीचं झाकण उघडलं आणि म्हटलं, जरा चाखून बघा. तेव्हापासून डॉक्टरही दर आठवड्याला बाटली नेतात. इंजेक्शन काही देत नाहीत.