सोफ्यावरून गेलेल्या रेघेबाबत

जबाब देणार: मला सगळे फक्कीवाले मामा म्हणतात. वय छप्पन्न. धंदा: नगरपालिकेच्या फुटबॉल मैदानाची राखण व आखणी. राहणार: मैदानामागची खोली, हिरव्या पत्र्याचे दार.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, या मैदानावर मी एकतीस वर्षे फक्कीच्या, म्हणजे पांढऱ्या भुकटीच्या, रेघा मारतो. यंदा मैदानाचे स्टेडियम करायचे ठरले. कंत्राटदाराने प्रेक्षकांसाठी पायऱ्या बांधल्या, त्या चांगल्या आहेत. मग त्यांच्यापुढे खास पाहुण्यांसाठी लोखंडी ओटा बसवला. तो नकाशात नव्हता. तो सरळ मैदानात आला.

माझी मुलगी इथल्या मुलींच्या संघात गोलरक्षक आहे. रविवारी त्यांचा उपांत्य सामना याच मैदानावर आहे. स्पर्धेचे पत्र आहे की मैदान किमान साठ मीटर रुंद हवे, कमी भरले तर यजमान संघ बाद. मी दोरीने मोजले, चोपन्न भरले. कंत्राटदाराला सांगितले तर म्हणाला, "मामा, नाचता येईना अंगण वाकडं. तुमची दोरीच आखडली असेल." दोरी आखडली असती तर मैदान जास्त भरले असते. एवढे गणित येत नाही म्हणूनच तो कंत्राटदार आहे.

नगरपालिकेत सात अर्ज दिले. मोजायला कोणी फिरकले नाही. साहेब म्हणाले, उद्घाटन होऊ द्या, मग बघू. त्या दिवशी जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, हरलो तरी चालेल हो. पण न खेळताच हरायचं?" मला फार वाईट वाटले. हे लिहून घेताना हवालदार म्हणाले, वाईट वाटल्याचं कलम नसतं. मी म्हटले, तरी लिहा.

आज सकाळी साडेसातला मी नेहमीसारखी आखणी केली. पलीकडच्या रेघेपासून साठ मीटर दोरी ताणली आणि जिथे संपली तिथे फक्की मारली. ती जागा ओट्यावर, मधल्या सोफ्यावर आली. सोफा हलवायचा मला अधिकार नाही. सोफ्याला पांढरी खोळ होती, त्यामुळे रेघ कोणाला दिसली नसावी. दहाला उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे त्यावर बसले. साडेदहाला भाषणाला उठले तेव्हा त्यांच्या काळ्या सुटाला, बसायच्या भागावर, आडवी पांढरी रेघ होती. रेघ सरळ होती. लोक हसले. मी तिथे हसलो नाही, खोलीत जाऊन हसलो.

कंत्राटदाराने पाहुण्यांच्या अपमानाची तक्रार केली. हवालदार वीस मिनिटांत टेप घेऊन आले. पंचनाम्यासाठी त्यांनी पलीकडच्या रेघेपासून ओट्याच्या कडेपर्यंत मोजले. चोपन्न मीटर भरले. खाली दोन पंचांच्या सह्या आहेत, त्यातला एक कंत्राटदाराचाच मुकादम आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पंचनाम्याची नक्कल तेवढी आजच मिळावी, ती आठव्या अर्जाला जोडायची आहे. ओटा नटबोल्टचा आहे, पाने माझ्याकडे आहेत. रविवार परवा आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी बोललो तसाच आहे. रुंदीचा आकडा मी दोनदा वाचून घेतला.