शेवंताबाईची मूठ

मंडळी, ऐका! एक प्रश्न टाकतो. जे दुखणं जन्मभर सोबत राहणार, त्यासाठी रोज कष्ट घ्यायचे की देवावर सोडून गप्प बसायचं? मनात उत्तर धरा — आणि आता शेवंताबाईकडे चला!

शेवंताबाई बार्शीची कासारीण. तीस वर्षं बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. पुढं संधिवातानं बोटं धरली. एके दिवशी बांगडी चढवताना बोटं अशी आखडली — काच फुटली, एका पोरीच्या मनगटातून रक्त आलं! शेवंताबाईनं दुकानच बंद केलं.

नवरा ज्ञानोबा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फिजिओथेरपीला धाडलं. फिजिओथेरपी! म्हणतानाच जिभेचा व्यायाम होतो बघा!

तिथं व्यायाम शिकवणारी रेहाना नावाची मुलगी. म्हणाली, "मावशी, मूठ मिटा."

निम्मीसुद्धा मिटेना. डोळ्यांत पाणी! "पोरी, हे जाईल का गं?"

"पूर्ण नाही जाणार, मावशी. खोटं कशाला सांगू? पण रोज हलवलीत तर बोटं कामाची राहतील. कोमट पाण्यात हात, सकाळ-संध्याकाळ, दहा वेळा मूठ. हळूच."

बाई घरी आली, आणि दहाच्या जागी पन्नास वेळा केलं! आपलंही असंच ना? वर्षभर आळस, मग एका दिवसात पहिलवान! हात सुजला. बाईनं पाण्याचं भांडं पालथं घातलं.

ज्ञानोबानं ते उचललं, चुलीवर पाणी ठेवलं. "सूज उतरू दे. मग दहाच. मी मोजतो."

आणि मोजलं हो त्यानं! रोज! महिनाभर फरक दिसेना. तिसऱ्या महिन्यात बाईला वेणी घालता आली. पाचव्या महिन्यात शेजारची शरयू आली — पोटुशी, तिला सातवा लागलेला, डोहाळजेवणासाठी हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या.

"मला जमायचं नाही गं..."

"सावकाश भरा, काकू. मला कुठं पळायचंय?"

एकेक बांगडी. मधे थांबायचं, कोमट पाण्यात बोटं, पुन्हा पुढची. तास लागला, मंडळी! पण बाराच्या बारा चढल्या, एकही पिचली नाही!

शेवंताबाई हसायला लागली. ज्ञानोबानं विचारलं, "दुखत नाही आता?"

"दुखतंय की! पण मिटतीय हो, मूठ मिटतीय!"

मिळालं उत्तर? देवानं तिचं दुखणं नेलं नाही. रोज दहा वेळा हलायचं बळ दिलं, आणि मोजणारा माणूस दिला!

आता तुमच्याकडं वळतो. मागं भिंतीला टेकलेले, तुम्हीसुद्धा! उद्या जाणत्याला विचारून व्यायाम सुरू करा. आणि आज? हात वर करा — ज्याचे जेवढे जातील तेवढेच, ओढाताण नको — आणि म्हणा, विठ्ठल! विठ्ठल!