अण्णाचा गुडघा

आमचं गाव गुंजी, स्टेशनाच्या मागच्या अंगाला घर, आणि घरात, काय सांगू तुम्हाला, सकाळची आंबील संध्याकाळी पाणी घालून पुन्हा प्यायची. बाप माझ्या लहानपणीच गेला. मागं राहिलो आई, मी आणि थोरला भाऊ अण्णा, आणि बापाचा धंदा, धनुष्यं करायचा. हौसेची न्हवं, भातात डुकरं शिरायची म्हणून लोक राखणीला न्यायचे आणि बदल्यात भात घालायचे.

धामणीच्या झाडाची काठी जंगलातनं येते ती वाकडीच येते. तिला करंजाचं तेल चोळायचं, इंगळावर फिरवत शेकायचं, जाळ लागला की लाकूड आतनं मेलं, आणि तापली की दुबेळक्यात, म्हणजे जमिनीत रोवलेल्या दुफाट्या खुंटात, घालून बाक काढायचा आणि धरून ठेवायचं, गार होईपर्यंत धरून ठेवायचं. आधी सोडलं की पुन्हा होती तशी. म्हणून ह्या कामाला दोघं लागतात, एक विस्तवापाशी, एक धरायला. धरणारा मी होतो.

मग मी बेळगावला कॉलेजात गेलो. अण्णाच म्हणाला, जा रं, दोघांनी मिळून जन्मभर काठ्याच सरळ करायच्या व्हय? मी गेलो, आणि धरायला उरला त्याचा गुडघा. सुट्टीत आलो की मी विस्तवापाशी बसायला जायचो, तर हा माझा तळहात दाबून हसायचा, आई, बघ गं, लोणी झालंय ह्याचं, सरक तिकडं, हात भाजला तर पेपर काय पायानं लिवणार? मी सरकायचो. खरं सांगतो, बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणंच आजवर टोचतंय.

निकाल लागला त्या दिवशी गाडीतनं उतरलो तो पळतच घरी आलो. अण्णा परसात, तापलेली काठी गुडघ्यावर दाबून बसलेला. अण्णा, म्हटलं. थांब, म्हणाला, गार होऊ दे. धोतर वर सरकलेलं, गुडघ्याचं कातडं काळं, भेगाळलेलं, वहाणेच्या तळासारखं. इतकी वर्षं मी ते नीट बघितलंच नव्हतं. खाली बसलो, काठीच्या दुसऱ्या टोकाला हात घातला. सरक म्हणाला न्हाय. पेपर संपलं न्हवं, म्हणाला, मग धर. हात पोळला तरी धरली. गार झाल्यावर एक डोळा मिटून त्यानं काठी न्याहाळली आणि मग माझ्याकडं बघितलं, हं, सांग आता.

आता तो गुडघा वळत न्हाय. पंगतीत पाय लांब करून बसतो, कुणी हटकलं तर सांगतो, ह्यो पाय कॉलेजात जाऊन आलाय. लोक हसतात, मी पानात बघत राहतो. देव त्याला उदंड आयुष्य देवो.

मी बी.ए. झालो. घरात पहिला, गावात पहिला.